भाग्याचा डोळा

“आजी, आता तू डाकू!” म्हणत जुईनं स्वतःच्या डोळ्यावरची पट्टी सोलून काढली आणि आजीच्या कपाळावर, कुंकवाच्या जरा वर, चिकटवून दिली.

सासूबाई ताटात गहू निवडत होत्या. त्यांनी पट्टी काढली नाही. तशाच माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बघ. पोर स्वतःच सांगतीय नको म्हणून. अजून किती स्पष्ट सांगायचं तिनं?”

“आई, ती चार वर्षांची आहे. ती दोडकाही नको म्हणते.”

“दोडका खाऊन कुणी चौकटीवर आपटत नाही.”

जुईच्या कपाळावर टेंगूळ होतं. सकाळीच, पट्टी लावल्यावर, ती न्हाणीच्या चौकटीवर धडकली होती. आदल्या दिवशी उंबऱ्याला अडखळली होती. त्याच्या आधी शेजारच्या पोरांनी तिला ‘एकडोळी भावली’ म्हटलं होतं आणि ती जिन्याखाली जाऊन बसली होती.

आम्ही बार्शीत राहायचो. खाली बांगड्यांचं दुकान, वर घर. दुकान माझे सासरे अण्णा आणि माझा नवरा गिरीश बघायचे. जुई वर्षाची झाली तेव्हापासून तिचा डावा डोळा जरासा नाकाकडे वळायचा. दुसऱ्या एखाद्या घरात लोक काळजीत पडले असते. आमच्याकडे अण्णांनी पेढे वाटले. जन्मल्यावर एकदा आणि डोळा वळल्यावर दुसऱ्यांदा.

कारण तो भाग्याचा डोळा होता. अण्णांची थोरली बहीण, इंदुआत्या, हिचा डावा डोळा अगदी तस्साच. आजेसासरे आधी खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन गावोगाव फिरायचे. इंदुआत्या जन्मली त्या वर्षी त्यांना पेठेत गाळा मिळाला. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं होतं. “इंदीचा डोळा आलाय पोरीला,” अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे आणि जुईला गल्ल्याशेजारी बसवायचे.

मी सोलापूरला बी.एस्सी. केलेलं. मला भाग्याचं काही वाटत नव्हतं, पण वाईटही वाटत नव्हतं. छान दिसायचं तिला ते. मग एके दिवशी बुवा-कुक खेळताना मी तिचा डावा डोळा तळव्यानं झाकला. ती हसत राहिली. उजवा झाकला तशी तिनं माझा हात ढकलून दिला. पुन्हा डावा झाकला, पुन्हा हसली. पुन्हा उजवा झाकला, तर चावली.

त्यानंतर मी दिवसातून दहा वेळा तेच करून बघायला लागले. गिरीश म्हणाला, “हर्षदा, एक तर डॉक्टरकडे जा, नाहीतर पोरीला सोड.”

सोलापूरच्या डॉक्टर बिराजदारबाईंनी जुईला मांडीवर घेऊन, दिवे दाखवून, थेंब टाकून, सगळं तपासलं आणि मला समोर बसवून सांगितलं, “डाव्या डोळ्यात आजार नाही. पण नंबर खूप आहे, त्यामुळे त्या डोळ्यानं पाठवलेलं मेंदू ऐकून घेत नाही. एकाचंच ऐकायची सवय लागलीय त्याला. चष्मा द्यायचा आणि चांगला डोळा रोज काही तास झाकायचा. मग नाइलाजानं दुसऱ्याचं ऐकेल.”

“आणि नाही झाकला तर?”

“सहा-सात वर्षांपर्यंत मेंदू शिकतो. नंतर फार अवघड. मग त्या डोळ्यानं जन्मभर धूसरच दिसेल, कुठलाही चष्मा लावला तरी.”

एवढं स्वच्छ सांगितलं होतं. पण बार्शीपर्यंत येता येता त्यातलं एकच वाक्य उरलं, चांगला डोळा झाकायचा. घरी सांगितल्यावर तेवढंच सगळ्यांना ऐकू आलं.

“चांगला?” अण्णा म्हणाले. “आणि वाईट उघडा ठेवायचा? दुसऱ्या कुणाचा कागद बघितला असेल बाईनं.”

मग मी विचारत सुटले. आईला लातूरला फोन केला. ती शाळेत शिकवायची. ती म्हणाली, “मोठी झाली की आपोआप सुटतं. माझ्या वर्गातल्या किती मुलांचं सुटलंय.” कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं गुलाबपाण्याचे थेंब दिले. होस्टेलची मैत्रीण पुण्याहून म्हणाली की डोळ्यांचे व्यायाम असतात, पेन नाकाजवळ न्यायचं. गल्लीतल्या मंगलकाकू म्हणाल्या, दृष्ट काढ. मी थेंब टाकले, पेन नाकाजवळ नेलं, आणि सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या तेव्हा गप्प उभी राहिले. मधेच दोन दिवस पट्टी लावायचे, ती रडली की दोन दिवस काढून ठेवायचे.

“तू ज्याला विचारतेस त्याच्यासारखी बोलायला लागतेस,” गिरीश म्हणाला. “आज मेडिकलवाला, उद्या मंगलकाकू. तुला स्वतःला काय वाटतं ते तरी सांग.”

मला काय वाटत होतं? रडणारं लेकरू धरून त्याचा दिसता डोळा मी बंद करत होते. ती विचारायची, “आई, लाइट कधी लावणार?” भर दुपारी. आणि मला वाटायचं, डॉक्टर चुकली असेल तर?

पट्टी कपाळावरून काढून सासूबाईंनी माझ्या हातात दिली त्या संध्याकाळी अण्णांनी विषय संपवला. “हे बघ सूनबाई, इंदीला विचारू. तिचा तोच डोळा. साठी उलटली, कधी चष्मा नाही, पट्टी नाही. आजही न बघता बांगड्या भरते. ती म्हणेल तसं.”

आमच्या घरात हा शेवटचा शब्द होता. माझं स्थळसुद्धा इंदुआत्यानं होकार दिल्यावरच ठरलं होतं. “ती म्हणेल तसं” म्हटलं की पुढे कुणी बोलत नसे. आणि ती काय म्हणणार हे मला माहीत होतं.

अण्णांनी पुढच्या रविवारी तिला बोलवायचं ठरवलं. मी शुक्रवारीच निघाले. माहेरच्या लग्नाचा हिरवा चुडा आत्याकडूनच घ्यायचा, असं निमित्त सांगितलं. जुईला घेऊन वैरागच्या एसटीत बसले. पर्समध्ये पट्ट्यांचं पाकीट. वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. आत्या, तुमचं नशीब वेगळं होतं. आत्या, आता काळ बदललाय. जुई खिडकीतून बाहेर बघत होती, चष्मा दोरीनं डोक्यामागे बांधलेला.

आत्याचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीतच तिचं बांगड्यांचं बस्तान. मुलगा पुण्याला नोकरीला, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही पोचलो तेव्हा एका नवरीला चुडा भरणं चालू होतं. नवरीची आई, दोन मावश्या, सगळ्या दाटीवाटीनं बसल्या होत्या.

“ये गं. बस तिकडं, उजव्या अंगाला,” आत्या म्हणाली. “जुई का ही? केवढी झाली! बस बाळ, हात रिकामे झाले की तुलाही भरते.”

मी बसून बघत राहिले. आत्या नवरीचा हात दाबून, बोटांची मुळं एकत्र आणून, एकेक काकण वर सरकवत होती. तोंड दाराकडे. गल्लीतून जाणाऱ्या कुणाला तरी “काय रे, बरं हाय ना?” विचारत होती आणि हाताखाली काकण मनगटावर जात होतं.

“बघा, बघा,” नवरीची आई मावशीला म्हणाली. “न बघता! इंदुबाईंच्या हाताला डोळे आहेत.”

“भाग्याचा हात हो,” मावशी म्हणाली.

आत्या हसली.

मला बघत बसायची सवय आहे. जुईमुळे ती आणखी वाढली होती. आत्यानं बायकांसाठी चहा ओतला तेव्हा किटलीची चोच तिनं कपाच्या काठावर टेकवली आणि मगच ओतला. प्रत्येक कपाला तसंच. डबा उचलताना हात आधी थोडा पलीकडे पडला, मग मागे आला. आणि जुई हातातलं बिस्कीट घेऊन तिच्या डाव्या बाजूनं अगदी जवळ गेली, “आत्याआजी, घे,” म्हणाली, तेव्हा आत्या एवढी दचकली की मांडीवरची दोन काकणं जमिनीवर पडून वाढली.

“अगं कुठून आलीस?” आत्या म्हणाली.

जुई तर मगापासून त्याच बाजूला होती.

बायका गेल्या. आत्यानं काच झाडून गोळा केली. मग माझ्यासमोर बसली, तीही जरा तिरकी, उजवी बाजू माझ्याकडे करून.

“चुडा न्यायला आलीस ते कळलं. आता खरं सांग.”

मी पाठ केलेलं सगळं विसरले. “जुईच्या डोळ्याचं. रविवारी अण्णा तुम्हाला विचारणार आहेत. तुम्ही पट्टीला हो म्हणावं म्हणून आले.”

“म्हणजे विचारायला नाही आलीस. सांगायला आलीस.”

“तसं नाही...”

“तसंच आहे की. असू दे. कुणाकुणाला विचारून झालंय?”

मी सांगितलं. आई, मेडिकलवाला, मैत्रीण, मंगलकाकू. मंगलकाकूंचं नाव घेताना मला लाज वाटली.

“मंगल? तिच्या म्हशीची दृष्ट निघाली नाही अजून,” आत्या म्हणाली. “आणि ह्यातल्या किती जणांनी पोरीच्या डोळ्यात बघितलं?”

“म्हणजे?”

“म्हणजे बघितलं. बसवून. आत.”

“फक्त डॉक्टरबाईंनी.”

“मग ती काय म्हणाली ते सांग. जसंच्या तसं. मधे तुझं घालू नको.”

मी पहिल्यांदाच ते सगळं सलग सांगितलं. मेंदू एकाचं ऐकतो, दुसऱ्याचं ऐकत नाही. सहा-सातपर्यंत शिकतो. नंतर नाही. माझ्याच तोंडून ऐकताना मला कळलं की यात विचारण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ज्याच्या-त्याच्याकडे गेले होते ती कुणीतरी “नको लावू” म्हणेल म्हणून. म्हणजे मला तिला धरून ठेवावं लागणार नाही. आत्याकडे येतानासुद्धा एका कोपऱ्यात तेच होतं. हिनं नाहीच म्हटलं तर बरं, माझ्यावर येणार नाही.

आत्यानं मांडीवरची उरलेली काकणं खाली ठेवली. मग म्हणाली, “आणलीयेस का ती पट्टी?”

“आहे.”

“लाव.”

मी जुईला हाक मारली.

“तिला नाही. मला. हिकडं,” आणि तिनं उजवा डोळा मिटला.

मी पट्टीचा कागद सोलला. तिच्या डोळ्यावर नीट बसवली, कडा दाबल्या. जुई पळत आली. “आत्याआजी पण डाकू!” तिला फार आनंद झाला.

आत्या भिंतीला टेकून ताठ बसली. भाग्याचा डोळा उघडा होता. तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे माझ्याकडे वळलेला होता.

“समोर तू बसलीयेस हे मला ठाऊक हाय,” ती म्हणाली. “ठाऊक नसतं तर म्हटलं असतं, दार उघडं राहिलंय आणि कुणीतरी पडदा लावलाय. हिरवा पडदा.”

माझी साडी हिरवी होती.

“पोर कुठाय?”

जुई तिच्या गुडघ्याजवळ, हाताच्या अंतरावर उभी होती. तोंडावर हात ठेवून खुसुखुसु हसत होती. आत्यानं हात पुढे केला तो जुईच्या डोक्यावरून हवेत गेला.

“दिसत नाही,” आत्या म्हणाली. “कधीच दिसलं नाही. न बघता बांगड्या भरते म्हणतात. बघून तरी काय करू? काकण आणि बोट ह्यातलं अंतर मला कळत नाही. हातानं कळतं.”

“कुणालाच माहीत नाही?”

“कुणाला सांगू? माझं लग्नच ह्या डोळ्यावर ठरलं. सासरे म्हणाले होते, भाग्याच्या डोळ्याची पोरगी द्या, बाकी काही नको. तो डोळा आंधळा हाय म्हणून सांगायचं? ह्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. रस्ता ओलांडताना माझा हात धरायचे. लोक म्हणायचे, केवढं प्रेम. प्रेम होतंच म्हणा.”

तिनं पट्टी काढली नव्हती. मी म्हटलं, “आत्या, काढा आता.”

“थांब. अजून एक. ह्या चांगल्यातही धुकं यायला लागलंय. मोतीबिंदू असणार. पोरगा म्हणतो ऑपरेशन करू, दिवसाचं काम हाय. मी दोन वर्षं टाळतीय. का सांग?”

मला कळलं. ऑपरेशननंतर तो डोळा बांधतील. तेवढ्या वेळात ती पूर्ण अंधारात असेल आणि सगळ्यांना कळेल.

“एवढ्यासाठी?” मी म्हटलं.

“एवढ्यासाठी,” आत्या म्हणाली आणि स्वतःच पट्टी ओढून काढली. भुवईचे चार केसही निघाले. “आई गं! हे पोर रडणार नाही तर काय करणार? जरा पाणी लावून काढत जा की.”

रविवारी ती आली. आम्ही सगळे वरच्या खोलीत बसलो. अण्णा खुशीत होते. त्यांनी बहिणीसाठी जिलेबी आणली होती.

“सांग गं इंदे, सूनबाईला सांग,” अण्णा म्हणाले. “शिकलेली पोरगी, आमचं ऐकत नाही.”

“पट्टी रोज लावायची,” आत्या म्हणाली. “डॉक्टरीणबाईनं सांगितलेत तेवढे तास. रडली तरी.”

अण्णांनी जिलेबीचा हात थांबवला. “अगं, पण तुझा डोळा...”

“माझा डोळा आंधळा हाय, सुभाष.”

अण्णा हसले. कुणी हसलं नाही म्हणून थांबले. मग त्यांनी आपला हात हळूच बहिणीच्या डाव्या बाजूला नेऊन बोटं हलवली. ती समोर सासूबाईंकडेच बघत राहिली.

“लहानपणी आपण विटीदांडू खेळायचो,” अण्णा म्हणाले. आवाज बदलला होता. “तुझ्या डाव्या भुवईला विटी लागली. चार टाके पडले.”

“व्हय.”

“मला वाटलं तू हट्टानं वाकली नाहीस. मी दहा जणांना सांगितलंय, आमची इंदी विटी आली तरी मागं सरत नाही.”

“ती आलेलीच दिसली नाही मला, सुभाष.”

सासूबाई म्हणाल्या, “वन्सं, आणि गिरीशच्या लग्नात कार्यालयाच्या जिन्यावरून पडलात ते?”

“शेवटच्या पायरीचा अंदाज चुकला.”

“मी तुमच्या नव्या चपला फेकून दिल्या. निसरड्या म्हणून.”

“चांगल्या होत्या गं त्या,” आत्या म्हणाली. “मला फार वाईट वाटलं.”

गिरीशला हसू आलं, मग सासूबाईंनाही आलं आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला. अण्णा मात्र उठून खाली दुकानात गेले. रविवारचं दुकान बंद असतं. बराच वेळ ते शटर न उघडता आतच बसले होते. परत आले तेव्हा त्यांनी जुईला मांडीवर घेतलं, चष्म्याच्या आत नीट निरखून बघितलं आणि मला म्हणाले, “आण पट्टी. मी धरतो हिला.”

जुई किंचाळली. अण्णांनी धरली. मी लावली.

आत्या निघायला उठली तेव्हा मी जिन्यात तिला गाठलं. “मंगळवारी आम्ही सोलापूरला चाललोय. जुईच्या तपासणीला. तुम्हीही चला.”

“मला कशाला?”

“तुमच्या डोळ्यात कुणी बघितलंय? बसवून? आत?”

ती कठड्याला धरून उभी राहिली. “बोलायला शिकलीस गं,” म्हणाली. पण मंगळवारी सकाळी स्टँडवर आमच्या आधी येऊन बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

डॉक्टर बिराजदारबाईंनी तिला खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, “डाव्याला आता काही करता येणार नाही. उजव्यात मोतीबिंदू पिकत आलाय. ऑपरेशन करायला हवं. दिसता डोळा एकच आहे, त्यामुळे मी जास्त जपून करीन. पण जोखीम नाही असं म्हणणार नाही.”

आत्यानं माझ्याकडे बघितलं. तिला मी काय सांगणार? माझ्या तोंडात “दुसऱ्या कुणाला दाखवूया का” आलं होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, “केलं नाही तर?”

“तर वर्ष-दोन वर्षांत दोन्ही डोळे सारखे होतील.”

“दिवाळी होऊ द्या,” आत्या म्हणाली. “दिवाळीत बांगड्यांना मरण नसतं. मग येते.”

ते सहा महिने सोपे गेले असं मी म्हणणार नाही. जुईनं पट्ट्या कुंडीत पुरल्या. एकदा मांजराला लावली. बालवाडीच्या बाईंनी निरोप पाठवला की इतर मुलं घाबरतात. गिरीश जाऊन त्यांच्याशी बोलून आला. ती रडायला लागली की सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन जोरजोरात भांडी घासायच्या, पण “काढ” म्हणाल्या नाहीत. अण्णा तिला पट्टी लावून गल्ल्याशेजारी बसवायचे आणि रंगीत मणी ओवायला द्यायचे. आधी मोठे, मग मध्यम. मी दोऱ्याकडे बघत राहायचे. कधी वाटायचं सुधारतंय, कधी वाटायचं ती बोटांनीच चाचपतीय, आत्यासारखी. सोलापूरला तक्त्यासमोर बसवलं की ती लाजायची आणि काहीही बोलायची. “प्रगती आहे,” डॉक्टर म्हणायच्या. किती, ते मला कळत नव्हतं. मी आता कुणाला विचारतही नव्हते. तेच जास्त कठीण होतं.

दिवाळीनंतर आत्याचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी बांधली होती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी सोडणार होते. सकाळी मी आणि जुई तिच्याजवळ होतो. आत्याचा मुलगा चहा आणायला गेला होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना जुईचं नवल वाटत होतं, कारण तिच्याही उजव्या डोळ्यावर पट्टी होती. तिची तीच वेळ होती आणि मी दवाखान्यातही सुट्टी दिली नव्हती.

“दोघींचं एकदमच केलं का ऑपरेशन?” बाईंनी विचारलं.

“व्हय,” आत्या म्हणाली. “जोडीनं केलं की स्वस्त पडतं.”

ती उशाला टेकून बसली होती. गुडघ्यांवर हात, बोटं चादरीच्या कडेवरून फिरत होती. मी उठले की “कुठं चाललीस?” विचारायची. मला ती इतकी लहान कधी वाटली नव्हती. पट्टी सुटल्यावर काय दिसेल, याबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही.

दवाखान्यातल्या मावशींनी नाश्ता आणला. मी ताटली आत्याच्या मांडीवर ठेवली आणि चमचा शोधायला पिशवीत वाकले.

“काय दिलंय गं?” आत्यानं विचारलं.

“उप्पीट,” जुई म्हणाली. ती खाटेच्या दांडीला लोंबकळत होती. “आत्याआजी, खाऊ नको. त्यात मुंगी आहे.”

मी वर बघितलं. ताटली जुईपासून हातभर तरी लांब होती. मला उप्पिटात मोहरी दिसत होती, कढीपत्ता दिसत होता. मुंगी दिसत नव्हती.

“कुठे?” मी म्हटलं.

“ती काय. चाललीय.”

मी ताटली उचलून डोळ्यांजवळ धरली. काठाच्या आतून एक मुंगी चढत होती, इतकी बारीक की थांबली असती तर रव्याचा कण वाटली असती.

“आहे. मुंगी आहे,” मी म्हटलं. आत्यानं माझ्या दिशेनं हात केला, चाचपत माझं मनगट धरलं आणि घट्ट दाबून ठेवलं.

“पट्टी हाय ना गं तिच्या डोळ्यावर?” तिनं हळूच विचारलं.

“आहे.”

“नीट लावलीयेस? फटीतून बघत नाही ना?”

मी खाली वाकून पट्टीच्या कडा बोटांनी दाबून बघितल्या. चारी बाजूंनी चिकटलेल्या होत्या. जुईनं वैतागून मान हलवली.

“नाही, आत्या. घट्ट आहे.”

आत्यानं मान डोलावली. मग बांधलेल्या डोळ्यानं जुईच्या आवाजाकडे वळली.

“काळी का लाल गं?”

जुई ताटलीकडे बघतच होती.

“लाल,” ती म्हणाली.